मांडववाले मोठेबाबा

मोठेबाबांना मी कुठल्याच लग्नात बसलेलं पाहिलं नाही. जेवायचेही उभ्याउभ्या, एका हातात ताट घेऊन. वडिलांचे हे थोरले भाऊ धामणगाव बढ्यात मांडव बांधायचे. वरात दारात आली तरी ते शिडीवरच. कुणी खाली बोलावलं की म्हणायचे, "तुमी जेवा, माहा मांडव अजून उपाशी हाय."

अशा माणसाला दवाखान्यात पालथं झोपवून ठेवणं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. मानेचे मणके झिजले होते. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, बांधता बांधता सुतळी बोटांतून सुटायची. त्यात त्यांच्या मुलीचं, वंदूचं लग्न ठरलेलं. तिचा मांडव आपल्याच हातानं बांधायचा, एवढं एकच त्यांचं चाललं होतं. मी बुलढाण्याला शिकत होते. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर मलाच जास्त भीती वाटायची.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी बारीक सुई काढली.

"दवाई कुठं हाय याच्यात?"

"दवाई नसते, काका. आखडलेला स्नायू सैल करायला नुसती सुई."

"म्हंजे रिकामी सुई टोचून घ्याले मी यष्टीनं आलो!"

सुई खांद्यात गेली, स्नायू आतून उडाला आणि ते ओरडले, "कोनं चिमटा घेतला बे?" मॅडम हसल्या. हलू नका म्हटल्यावर ते पायाची बोटं हलवत राहिले.

व्यायाम होता हनुवटी आत ओढायचा. "मले कोंबडी बनवून राह्यली हे पोरगी," असं म्हणायचे, पण बसमध्ये लोकांसमोरही करायचे.

काही खेपांनी दुखणं खरंच उतरलं. त्या दिवशी दवाखान्याबाहेर ते मान वळवून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत होते. "कालेजवाली, विचार न तिले, आता चढू का शिडीवर?"

मी आत गेले. मॅडम म्हणाल्या, "सुईनं दुखणं कमी झालं, झीज तिथंच आहे. मान मागे टाकून वर पाहिलं की नस दबते, हात सुटतो. शिडी नको. स्पष्ट सांग त्यांना."

बाहेर येईपर्यंत मी शब्द जुळवत होते. शेवटी जसं ऐकलं तसंच सांगितलं.

"वंदूच्या लग्नापुरतं बी नाही?"

"नाही, मोठेबाबा."

स्टँडवर गाडी लागली तरी ते चढेनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. मध्येच थांबून म्हणाले, "मंग मी करू काय वं?"

लग्नाच्या आदल्या दिवशी शिडीवर त्यांच्या हाताखालचा गजानन होता. मोठेबाबा मान सरळ धरून खाली येरझाऱ्या घालत होते. अचानक त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला मांडवाच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"वर पाह्य. सांग मले, कसं दिसते."

मी चाचरत सांगू लागले. गुलाबी पट्टे, पांढऱ्या चुण्या, मधे झुंबर.

"झोल?"

"उजवीकडे थोडा... वाटतो."

"वाटते का हाय?"

मी पुन्हा नीट पाहिलं. "आहे."

"गज्या, उजवा कोपरा तान बे!"

कापड वर सरकू लागलं. मनगटावरच्या त्यांच्या बोटांत जोर नव्हता, पण त्यांनी ते सोडलं नाही.

"आता?" ते विचारत होते. "आता कसं हाय?"