चहा आला तरी टेप चालू

दिल्लीतल्या आमच्या इतिहास मंडळात नव्या माणसाला सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगत : "चाय आए, तो टेप बंद मत करना." नवी माणसं सभ्यपणे बटण दाबतात, आणि खरं बोलणं नेमकं तेव्हाच सुरू होतं. हे सांगणाऱ्या मॅडम निवृत्त प्राध्यापिका होत्या आणि मंडळ त्याच चालवत.

मंडळ म्हणजे शनिवारी दुपारी एका शाळेने उसना दिलेला वर्ग, दोन लोखंडी कपाटं आणि दोन टेपरेकॉर्डर. कुणाकडे आजोबांची कागदपत्रं असली तर ती कशी जपायची ते इथे शिकवत. एखाद्या शाळेला स्वतःचा इतिहास लिहायचा असला तर आमच्यातलं कुणीतरी जाऊन मदत करी. आणि ज्यांना लोकांच्या आठवणी टिपायच्या असतील त्यांना टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी मिळत. कपाटात आपली एक कॅसेट जमा झाली की आपण पूर्ण सभासद. मग वार्षिक सभेत ती सगळ्यांना ऐकवायची. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की घरी कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्या वर्षीचा विषय होता नव्या वसाहती. बँकेतले एक सभासद हसले, "अरे, वहाँ तो अभी प्लास्टर भी नहीं सूखा!"

"तो सूखने से पहले जाओ," मॅडम म्हणाल्या.

मला एकदम काकू आठवल्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, त्या खाली. काकांनी सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपनी धरली, क्वार्टर रिकामं केलं आणि गुडगावला प्लॉटवर घर बांधलं. त्या भागात राहायला गेलेल्या पहिल्या चार घरांपैकी ते एक. धौला कुआँला बस बदलून मी गेले, तेव्हा टेपरेकॉर्डर पोटाशी असा धरला होता की शेजारच्या बाईंनी विचारलं, "बेटा, इसमें क्या है?" मी काहीच बोलले नाही. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही. पण मंडळात हाच माझा गुण ठरला होता. प्रश्न विचारल्यावर समोरचा थांबला तर आपण मध्ये बोलायचं नाही, ही तिथली शिस्त. बाकीच्यांना ती घाम फोडायची. मला ती जन्मापासून येत होती.

"आली कॉन्व्हेंटवाली मुलाखत घ्यायला!" काकूंनी दारातच म्हटलं. "मराठी वाचता तरी येतं ना ग?"

"येतं. हळू येतं."

सुरुवातीला काकू आकाशवाणीवर असल्यासारख्या बोलल्या. रस्ता कधी झाला, पाणी कधी आलं, फोन कधी लागला. मी मान डोलावत होते आणि मनातून खचत होते. मग त्यांनी चहा आणला, कप माझ्या हातात दिला, आणि मी बटणाला हात लावला नाही. लाल दिवा त्यांच्या समोरच लुकलुकत होता, पण त्या त्याला विसरल्या होत्या.

"सुरुवातीला वेड लागायची वेळ आली होती बघ," त्या म्हणाल्या. "दिवसभर वाऱ्याने माती उडते आणि माणूस म्हणून दिसत नाही. एका दुपारी कुलूप लावलं आणि बसने सरळ क्वार्टरवर गेले. आपल्या जुन्या क्वार्टरवर. का, ते विचारू नकोस. पायरीवर बसून राहिले. आतून नवी बाई आली, मद्रासकडची असावी. मी म्हटलं, पीछे कढीपत्ते का पेड़ मैंने लगाया था. तिने काही विचारलं नाही. आत गेली आणि कात्री आणून दिली मला."

त्या थांबल्या. मी चहाचा घोट घेतला.

"पिशवी भरून कढीपत्ता घेतला आणि परत येताना बसमध्ये वास येत होता ना, तर अख्खा रस्ता रडले. ह्यांना नाही बोलले. एवढ्या हौसेने घर बांधलेलं."

परतीच्या बसमध्ये मी हसत होते की काय कोण जाणे, लोक बघत होते. माझा स्टॉपही मागे गेला. रस्ता, पाणी, फोन कुणीही सांगेल. पण ती कात्री! नवं शहर उभं राहताना एका बाईला काय झालं, ते माझ्या पिशवीत होतं.

पण मंडळाचा आणखी एक नियम होता. कॅसेट कपाटात जाण्याआधी बोलणाऱ्याला पूर्ण ऐकवायची. त्याला जे नको असेल ते त्याच्यासमोर पुसायचं. रदबदली करायची नाही.

पुढच्या रविवारी मी गेले तर काका घरी. "अहो, या ना, माझा आवाज ऐका रेडिओवर," काकू उत्साहाने म्हणाल्या. चहाच्या वेळी काय बोलल्या ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. रस्ता झाला, पाणी आलं, काका खुशीत मान हलवत होते. फोन लागला. मग कॅसेटमध्ये कपबशी वाजली, आणि मी बटण दाबलं.

"का ग थांबवलंस?"

"काकू, पुढे चहाच्या वेळचं आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. मला सांगावंसं वाटत होतं की पुसू नका, तेच सगळ्यात सुंदर आहे. तेवढं गेलं तर माझ्याकडे नळाचं कनेक्शन उरणार होतं. पण रदबदली करायची नव्हती. मी कॅसेटच्या खिडकीकडे बघत बसले. पंखा फिरत होता. काका एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"लाव," काकू म्हणाल्या.

सगळं वाजलं. पायरी, कात्री, बस. काकू पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. संपल्यावर काका म्हणाले, "म्हणजे तो कढीपत्ता तिथला? मी विचारलं होतं तुला, एवढा ताजा कुठे मिळाला. मंडईतला म्हणालीस."

"आमटी भुरकून झाल्यावर विचारलंत. तोवर कुठे काय दिसत होतं तुम्हाला!"

काका हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी पुसला. "मला वाटायचं, मलाच एकट्याला करमत नाही इथे," ते म्हणाले. "तू एवढे पडदेबिडदे शिवत होतीस, म्हटलं हिला कशाला सांगा."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ठेव ग. काही पुसू नकोस. कात्रीसकट ठेव."

मला उडी मारावीशी वाटली. मी नुसतं "बरं" म्हटलं.

"ह्यात माझंही घेता येईल का?" काकांनी विचारलं. कॅसेटची दुसरी बाजू कोरी होती. ती मी उलटून लावली. लाल दिवा लागला. काका ताठ बसले, घसा खाकरला, आणि ऑफिसच्या बैठकीतल्या आवाजात म्हणाले, "सदर भूखंड आम्ही रीतसर अर्ज करून..."

"अहो, अहवाल वाचताय का!" काकू उठल्या. "थांब ग जरा, चहा टाकते. मग बोलतील."