चिंधी नसलेली हातगाडी

माझ्या प्राध्यापकांना रस्ता म्हटलं की तीनच गोष्टी दिसायच्या: डांबर, पांढरे पट्टे आणि पुढची मोटार. ते परदेशात शिकून हुबळीला परतले होते आणि येताना तिकडच्या रस्त्यांच्या चित्रफिती घेऊन आले होते. दोन हजार सालानंतरची पहिली चार-पाच वर्षं उलटली होती. मी एम.टेक. करत होते. जीपच्या टपावर कॅमेरा बसवायचा, आत लॅपटॉप ठेवायचा, आणि समोर काही आडवं आलं की लॅपटॉपने ते ओळखून पीं असा आवाज करायचा, एवढंच आमचं काम होतं. पण प्राध्यापक पाहुण्यांना सांगत, उद्या गाड्या माणसाशिवाय चालतील, त्यांचे डोळे आम्ही इथे घडवतोय. असं बोलताना ते चष्मा काढून पुसत, आणि मला तो चष्मा फोडावासा वाटे.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सर, मला हातगाड्यांवर काम करायचंय."

ते हसले. "हातगाड्या दहा वर्षांत जातील. तो कचरा आहे. फ्रेममध्ये आला तर काढून टाकायचा."

त्या शब्दासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात पांढरे पट्टे शोधत बसणारा माणूस मला शहाणपण शिकवत होता. मी हट्ट सोडला नाही. शेवटी ते म्हणाले, "कर, पण नापास झालीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

मला हातगाडीच का हवी होती, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुर्गदबैलमध्ये अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लोखंडी सामानाचं दुकान होतं. दुकानाची हातगाडी वर्षानुवर्षं एकच माणूस ओढायचा. अळणावरकडच्या खेड्यातला, अप्पांपेक्षा वयानं थोडा मोठा. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून अक्का म्हणायचा. लांब सळ्या गाडीवर चढवल्या की त्या मागे चार-पाच हात बाहेर येतात. म्हणून टोकाला लाल चिंधी बांधायची, मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून. बाजारातला हा रिवाज शेंबड्या पोरालाही माहीत असतो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, एका सुट्टीच्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर बसून बिजागऱ्यांची खोकी लावत होते. मी वर आहे हे अण्णाला माहीत नव्हतं. खाली त्यानं सळ्या भरल्या आणि चिंधी शोधायला आत आला. अप्पा घाईत होते. गवंडी देशपांडे नगरमध्ये स्लॅबपाशी खोळंबला होता आणि दोनदा फोन येऊन गेला होता. अप्पा ओरडले, "राहू दे ती चिंधी! तेवढ्यानं काय होतंय? आधी जा!" हे शब्द मी जसेच्या तसे ऐकले.

बाजाराच्या बाहेरच्या वळणावर मागून टेंपो आला आणि सळ्यांवर आदळला. गाडी उलटली, अण्णाची मांडी खाली सापडली. टेंपोवाला म्हणाला, चिंधी नव्हती, मला काही दिसलंच नाही. टेंपो आमच्या दुकानाला माल पुरवणाऱ्याचाच होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, "मी रोज सांगतो बांध म्हणून. ऐकत नाहीत हे लोक." अण्णा खाटेवरून सांगत राहिला, "मालकांनीच ऱ्हाऊ दे म्हटलं की." कुणीही विश्वास ठेवला नाही. कागदावर चूक हातगाडीवाल्याची लागली.

आणि मी गप्प बसले. भ्याले होते असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. अप्पा माझी कॉलेजची फी भरत होते, घरात आनंद होता, आणि गप्प बसणं सोयीचं होतं.

अण्णाचा पाय आखूड झाला. आमच्या दुकानात त्याला जागा उरली नाही. तो पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात बसून खिळे तोलू लागला. मी समोरून गेले की विचारायचा, "अक्का, आराम काय?" मला त्याच्याकडे बघवत नसे. अप्पांकडे तर त्याहून नसे. त्यांच्या ताटात पोळी मी न बघताच वाढायची.

म्हणून हातगाडी. माझं यंत्र दाखवून देणार होतं की चिंधी असो वा नसो, रस्त्यावर एक माणूस आहे हे दिसतं, दिसायलाच हवं. जे मी तोंडाने बोलले नव्हते ते मला त्या डबड्याकडून वदवून घ्यायचं होतं.

यंत्राला शिकवणं म्हणजे हमाली. कॅमेऱ्यानं रस्त्याचं चित्रण करायचं, मग एकेक चित्र पडद्यावर आणून हातगाडीभोवती माऊसनं चौकोन ओढायचा. अशी हजारो चित्रं. दुसरे दुकानदार कॅमेरा बघून भडकत, कर खात्याची माणसं आली असं त्यांना वाटे. एकानं माझ्यावर पाण्याची बादली उपडी केली. मग मी आमच्याच दुकानातून निघणाऱ्या गाड्यांचं चित्रण केलं. दोन नवे हमाल होते, दिवसभर खेपा चालायच्या, आणि अप्पांची ना नव्हती. मुलगी काहीतरी मोठं करतेय, एवढंच त्यांना कळत होतं.

महिनाभर चौकोन ओढले. बोटं आखडली, डोळे लाल झाले. मग परीक्षा घेतली. शिकवताना न दाखवलेली चित्रं समोर ठेवली, आणि यंत्रानं जवळपास प्रत्येक हातगाडी धरली. प्राध्यापकांचा सूर एका दिवसात पालटला. कचरा आता 'भारतीय परिस्थिती' झाला. "प्रत्यक्ष रस्त्यावर दाखव," ते म्हणाले, "पाहुण्यांना मी बोलावतो."

मी म्हणाले, "पाहुणे मी आणते."

बाजार बंद असायचा त्या दिवशी सकाळी आमच्या दुकानासमोरचा रस्ता मोकळा होता. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले, सोबत बाजारातले पाच-सहा व्यापारी. अण्णाला मी स्वतः बोलवून आणलं होतं. "थोड्याच सळ्या ठेवू," मी त्याला म्हणाले, "फक्त सरळ चालायचं. आणि चिंधी बांधायची नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चिंधी नको? याक, अक्का, का म्हणून?"

"बघ तर खरं, अण्णा. आज सगळ्यांना कळेल."

तो लंगडत गाडी ओढत पुढे निघाला. मागून जीप. कॉलेजचा ड्रायव्हर चालवत होता, शेजारी प्राध्यापक, मागे मी लॅपटॉप मांडीवर घेऊन. सळ्यांची टोकं जवळ येत होती. पडद्यावर गाडी होती, चाकं होती, अण्णाचं पांढरं डोकं होतं. चौकोन उमटला नाही, आवाज आला नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला तेव्हा सळ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर होत्या.

"पुन्हा," मी म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. प्राध्यापक दात आवळून इंग्रजीत पुटपुटत होते.

अप्पा रस्त्याकडेनं ओरडले, "अरे, चिंधी बांध की आधी!"

अण्णानं पायरीवर पडलेली लाल चिंधी उचलली आणि टोकाला गाठ मारली. जीप मागे गेली, पुन्हा आली. पंचवीस पावलांवरून यंत्र पीं पीं करून कोकलू लागलं. पडद्यावर चौकोन उमटला होता, आणि त्याच्या बरोबर मध्ये चिंधी होती.

तिथेच, जीपमध्ये, मला कळलं. त्या अपघातानंतर अप्पांनी दुकानात नियम केला होता, चिंधीशिवाय एकही गाडी बाहेर पडणार नाही. वर बांधायच्या त्या दोन-दोन. मी महिनाभर ज्या गाड्यांभोवती चौकोन ओढले त्यांतल्या एकूण एक गाडीला लाल चिंधी होती. न दाखवलेली म्हणून परीक्षेला ठेवलेली चित्रंही त्याच गाड्यांची. यंत्र हातगाडी शिकलंच नव्हतं, माणूस तर नाहीच. मी त्याला चिंधी शिकवली होती. दुकानदाराची मुलगी असून मला ते दिसलं नव्हतं, कारण चिंधी असलेली गाडी बघायची मला लहानपणापासून सवय होती.

खाली उतरले तेव्हा व्यापारी टाळ्या वाजवत होते. अप्पा खुशीत होते. "बघितलंत?" ते सगळ्यांना म्हणाले. "यंत्रालासुद्धा चिंधी लागते. मग तो टेंपोवाला बिचारा काय करणार होता? मी तेव्हा काय सांगत होतो?"

अण्णा गाडीच्या दांड्याला टेकून उभा होता. त्याला धाप लागली होती. "हौदु, खरंय," तो हळूच म्हणाला. "म्हणजे माझीच चूक होती म्हणायची. मशीन खोटं कशाला बोलंल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अप्पांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्या बाजारासमोर म्हणाले, "राहू दे ती चिंधी, तेवढ्यानं काय होतंय, असं तुम्ही म्हणाला होतात. मी माळ्यावर होते. मी ऐकलंय."

टाळ्या थांबल्या. अप्पांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "घरी चल," एवढंच ते म्हणाले. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं. मी वळून अण्णाकडे पाहिलं. तो हसेल, निदान मान हलवेल, असं मला वाटलं होतं.

तो माझ्याकडेच बघत होता. अप्पांकडे त्यानं त्या नजरेनं कधीच पाहिलं नव्हतं.

"तू वर होतीस?"

"हो, अण्णा."

"तवापास्नं तुला ठावं होतं?"

मी मान हलवली.

"पोलीस घरला आले तवा बी? मी खाटंवर पडून घसा कोरडा करत होतो तवा बी?"

मी काहीतरी बोलले, लहान होते, घाबरले होते, असलं काहीतरी. त्यानं हात वर करून मला थांबवलं. "साकु," तो म्हणाला. "पुरे."

चिंधीची गाठ त्यानं सावकाश सोडली. चिंधी माझ्या हातात दिली आणि गाडी तिथेच रस्त्याच्या मधोमध टाकून लंगडत निघून गेला.

नंतर मी पुन्हा चित्रण केलं, दुसऱ्या बाजारांत, चिंधीवाल्या आणि बिनचिंधीच्या गाड्यांचं. पुढच्या वर्षी यंत्राला दोन्ही दिसू लागल्या. ती चित्रफीत अण्णाला दाखवावी म्हणून मी त्या गल्लीत गेले. तो खिळे तोलत होता. मी समोर उभी राहिले, हाक मारली. त्यानं पारड्यातून डोळे वर केले, माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"