ग्रीक, जोंगखा आणि आमचं वेल्ह्याचं घर

दिवाळीची सुट्टी होती, म्हणून मी भोरला माहेरी निघाले होते. वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असताना एक गोरी मुलगी बाकावर पाय पसरून बसलेली दिसली. घोटा टम्म सुजलेला. शेजारी बारीक डोळ्यांचा एक तरुण तिची सॅक धरून उभा होता. तोरणा उतरताना तिचा पाय मुरगळला होता. डॉक्टरांनी पट्टी बांधून तीन दिवस चालायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि पुढं काय करायचं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

"आमच्या घरी चला," मी म्हणाले. माहेर राहिलं.

ती ग्रीसची, तो भूतानचा. दोघं पुण्यात भाषाशास्त्र शिकत होती आणि वर्षभर मराठीच्या वर्गाला जात होती, त्यामुळं बोलणं जमत होतं. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लगीन झालंय का?" नाही म्हटल्यावर त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं आणि तिचं माझ्याजवळ.

पहिल्याच जेवणात घोटाळा झाला. सासूबाईंनी विचारलं, "भाकरी वाढू?" ती भुकेनं घाईघाईत म्हणाली, "ने, ने." सासूबाईंनी टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली. ती बिचारी रिकाम्या ताटाकडं बघत राहिली. मग तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "आई, ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो." सासूबाई टोपली घेऊन परत आल्या, आणि तिच्या ताटात दोन भाकऱ्या पडल्या.

त्याची गंमत वेगळीच. जोंगखात, म्हणजे त्याच्या भूतानच्या भाषेत, थोरांशी बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा 'ला' लावतात. कुणी पाणी दिलं की तो सवयीनं म्हणायचा, "कादिंचे ला." म्हणजे आभार. सासूबाई लगेच विचारायच्या, "कुणाला?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेची पाटी काढली. पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात माझं आयुष्य गेलेलं, त्यामुळं कुणाची अक्षरं कशी हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. तो म्हणू लागला, "क, ख, ग, ङ." मी थांबवलं. "घ राहिला." तो म्हणाला, "आमच्यात घ नाहीच." पुढं च, छ, ज, ञ. आमचीच वर्णमाला, मधली एकेक पायरी गाळलेली. आणि ज्या 'ङ'चा शब्द मुलांना कधी देता येत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं चडफडत आले, तो त्यांच्याकडं नुसता उच्चारला की 'मी' होतो. आवाज जरा चढवून म्हटला तर पाच. ती दहा वेळा म्हणाली. तिच्या तोंडून 'मी' आणि 'पाच' एकसारखेच निघत होते.

तिच्या ग्रीकमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं. मूल तर 'ते' आहेच, मुलगीसुद्धा 'ते'.

"आमीबी 'ते पोरगं' म्हंतो की," सासूबाई म्हणाल्या.

तो म्हणाला, "आम्ही खिडकीला, डोंगराला पुरुष-बाई करत नाही. मराठीत मला तेच अवघड गेलं. पण क्रियापद शेवटी येतं, ते घरच्यासारखं वाटतं."

दुपारी तो दुकानात गेला तेव्हा तिनं मला खरं काय ते सांगितलं. त्यांना लग्न करायचं होतं. त्याच्या आईला फक्त जोंगखा येत होती आणि तिचा फोन आला की ही उठून दुसरीकडं जायची. "आमच्यात मोठ्यांना अनेकवचन लावलं की झालं," ती म्हणाली. "तिकडं मोठ्यांचं जेवण, हात, डोकं, सगळ्याला वेगळे शब्द आहेत. मी चुकीचा वापरला तर?"

सासूबाई नमाज उरकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चुकंल तर चुकंल. म्या घाटाखालनं नांदायला आले, तवा माझं बोलणं सासूला कळायचं न्हाई. लई हसायची. म्या म्हनायची, हसतीया म्हंजी माया हाय."

तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ती लंगडत उठायला लागली तशी सासूबाईंनी तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं. तिनं मोबाईल हातात घेतला. चेहरा लालबुंद. "कुझुझांगपो ला," ती म्हणाली. नमस्कार.

 पलीकडं त्या माउली इतक्या हसल्या की मोबाईल हलायला लागला, आणि त्या भराभर काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतेय, जेवलीस का," तो म्हणाला. त्यानं हळूच एक वाक्य सांगितलं, तिनं ते जसंच्या तसं म्हटलं, आणि पलीकडून पुन्हा हसू. माझे डोळे भरून आले. नंतर त्या आईंनी छपरावर वाळत घातलेल्या लाल मिरच्या दाखवल्या, तर सासूबाई उठून आपली मिरच्यांची बरणी घेऊन आल्या आणि मोबाईलपुढं धरली. दोघींच्या मिरच्यांवरून वीस मिनिटं गेली. कुणी कुणाचं भाषांतर करत बसलं नाही.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. हिवाळ्यात ती दोघं आपापल्या आईला घेऊन वेल्ह्याला आली. तिची आई गुडघ्यांनी थकलेली, त्याची आई टुणटुणीत. आल्या दिवशी अंगणात पावट्याचा ढीग पडला होता. तिन्ही आया त्याभोवती बसून सोलायला लागल्या. ग्रीक, जोंगखा आणि आमची मावळी मराठी, तिन्ही एकाच वेळी चालू होत्या. मी चहा घेऊन गेले, तर सासूबाईंनी हातानंच मला थांबवलं.

"जरा दम धर," त्या म्हणाल्या. "हिची गोष्ट अर्धी ऱ्हायलीया."