अर्धा पेला, तळापर्यंत

मी बीअर पिते. चळवळीतली मुलगी आणि बीअर म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी पान इथेच उलटावं. मी अमरावतीत पत्रकं लिहिते: भेसळीच्या तेलावर, वसतिगृहातल्या जेवणावर, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यावर. अर्धवट ऐकून लिहिलेलं पत्रक दुसऱ्याच दिवशी आपल्या तोंडावर आदळतं, हे मी सुरुवातीलाच शिकले. म्हणून एका घोटात निकाल देणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्या मे महिन्यात अकोल्यात असे तिघं एका टेबलावर बसले होते.

पूर्वी वसतिगृहात माझ्या खोलीत राहिलेली मैत्रीण अकोल्याच्या एका हॉटेलात बीअर बनवते. परवाना घेऊन तिथेच बनवतात, तिथेच विकतात. ती भातकुलीची, अन्नतंत्रज्ञान शिकलेली. मालकाला सगळीकडे मिळते तशी जवाची, हलकी, पिवळी बीअर हवी होती. तिला ज्वारीची करायची होती. कितीतरी दिवस मागे लागून तिने एक छोटी टाकी मिळवली. मालकाची अट सरळ होती: चाखून पसंत पडली तर विकू. नाही पडली तर टाकी जवाला परत, आणि ज्वारीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"मंग मी शिकली कायले?" ती मला फोनवर म्हणाली होती. "दुसऱ्याचं जवाचं तयार पाकीट फोडून उकळाले?"

चाखणीच्या दिवशी मी अमरावतीहून एसटीने गेले. दुपारची वेळ. अकोल्याचं ऊन मी अकोल्याबाहेरच्यांना सांगत नाही, विश्वास बसत नाही त्यांचा. मालक, त्यांचा साळा आणि रोजचं गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त मास्तर असे तिघंही बाहेरून आले. डोक्याचा दुपट्टा सोडायच्या आधी साळ्याने बर्फात ठेवलेल्या ग्लासातली जवाची बीअर अर्धी संपवली.

"बाप्पा! जीव आला."

मालकांनीही मान डोलावली. मास्तरांनी डोळे मिटले. मग चकणा आला. भाजलेले शेंगदाणे, कांदा आणि कानातून धूर निघेल असा ठेचा. गप्पा झाल्या, आणखी एकेक ग्लास झाला. सगळ्यात शेवटी ज्वारीची आली. साळ्याने ओठ बुडवले न बुडवले तोच ग्लास खाली ठेवला.

"हे तं कडब्याचं पानी हाय. बैलाले पाजा."

सगळे हसले. मालकांनी एक घोट घेतला, मास्तरांनी तेवढाही नाही. "ताई," मालक मैत्रिणीला म्हणाले, "जवाचीच चालू द्या." झालं. तिच्या इतक्या महिन्यांच्या कामाचा निकाल ठेचा खाल्लेल्या तोंडांनी दिला.

ती आत भांडी धुवायला गेली. मी तिथे थांबले असते तर नक्की भांडले असते, म्हणून बाहेर पडले. बस स्टँडच्या वाटेवर पाणपोई होती, लाल कापड गुंडाळलेले माठ. पहिला ग्लास मी उभ्या उभ्या घशात ओतला. जगात याच्याइतकं चांगलं पाणी नाही असं वाटलं. दुसरा ग्लास घेतला. त्याला मातीचा वास होता, औषधाचा होता आणि पाणी चक्क मचूळ होतं. माठ तोच, ग्लास तोच.

मग डोक्यात लख्ख झालं. पहिला ग्लास तहान पिते, जीभ पीत नाही. मे महिन्यात अकोल्यात उन्हातून आलेल्या माणसासमोर जे गार ठेवाल त्याला तो शंभर मार्क देईल. त्या टेबलावर जवाची जिंकली नव्हती. जी आधी आली ती जिंकली होती. ज्वारीची आधी ठेवली असती तर साळ्याचा जीव तिनेही परत आणला असता.

मी तशीच मागे फिरले. मालक गल्ल्यावर बसले होते.

"भाऊ, परत चाखा लागते."

"काहून?"

"तुमी बीअर चाखलीच नाही. तहान चाखली."

"अवो ताई, बीअर हाय ते. कोर्टाची केस हाय काय?"

"एका पोरीचं काम उचलून फेकून राहिले तुमी. मंग केसच समजा."

साळा मागून म्हणाला, "एका घोटानं समजत नसन तं पेटीच आना. एकेकाले चार चार बाटल्या देऊन पाहा."

"चार बाटल्यांवर तुमी गटाराच्या पाण्यालेही पास कराल," मी म्हटलं. मास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

पण प्रश्न खरा होता. किती प्यायची? घोटाचा भरवसा नाही, बाटलीचा तर त्याहून नाही. आम्ही तिथेच वाद घालून नियम ठरवले. दुसऱ्या दिवशी येऊन आधी पोटभर पाणी प्यायचं आणि तासभर पंख्याखाली बसायचं. चकणा नंतर. बर्फातले ग्लास नकोत, कारण बधिर जिभेला सगळंच सारखं लागतं. बीअर आत स्वयंपाकघरात ओतायची, तीही स्टीलच्या पेल्यात, म्हणजे रंग दिसणार नाही. कोणती आधी ते आचारी ठरवणार. दोन्हींचा अर्धा अर्धा पेला, आणि तो सावकाश, कोमट होईपर्यंत, तळापर्यंत. मधे कोणी बोलायचं नाही.

"कबूल," मालक म्हणाले. "पन तुमी बी बसाचं. आन् जे लागन ते बोलाचं. मैत्रीन-गित्रीन चालनार नाही."

मी हो म्हटलं. मला वाटलं यात अवघड ते काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं शाळेतल्यासारखे गप्प बसलो. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी. पहिला पेला आला. हलकी, बरी. कोमट होत गेली तशी तिच्यातली चव विरत गेली आणि शेवटी फक्त ओलेपणा उरला. दुसरा पेला आला आणि पहिल्याच घोटाला तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचा वास आला. मास्तरांनी नाक पेल्यात खुपसलं. साळ्याच्या भुवया वर गेल्या. मी मैत्रिणीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

"दुसरी," मालक म्हणाले. "काही म्हना, दुसरी."

"पास बाप्पा, पास," साळा म्हणाला. "कालची हेच होती काय? मले तं वाटत नाही."

"भाकरीचा वास येते हो," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात ज्वारीचं कौतुक होतं की आपलं, कळलं नाही.

माझ्या पेल्यात अजून दोन बोटं बीअर होती. नियम माझा होता, म्हणून मी ती प्यायले. आणि तिथे, तळाशी, कोमट झाल्यावर, ती आंबट लागली. आपण आंबील पितो तो आंबटपणा चांगला असतो. हा तो नव्हता. उन्हात विसरलेल्या आंबिलीचा होता, जिभेच्या कडेला चरचरणारा. मी वाकून बाकीचे पेले पाहिले. तिघांच्याही पेल्यांत दोन दोन बोटं शिल्लक होती. कोणी तळ गाठलाच नव्हता.

मी गप्प बसले असते तर ती जिंकली होती. मालक आचाऱ्याला चकणा आणायला सांगत होते. दारातून मैत्रीण पुढे आली होती, तिचा चेहरा मी वसतिगृह सोडल्यापासून इतका उजळलेला पाहिला नव्हता. आणि मी कालच या माणसांना अर्धवट चाखण्यावरून झापलं होतं. ते खरं होतं की फक्त माझ्या सोयीचं होतं?

"कोणी संपवली नाही," मी म्हटलं. "संपवा."

"अवो झाली ना पास!"

"खालची आंबट आहे. संपवा आणि सांगा."

मैत्रीण माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी तिच्या ताटात माती कालवली होती. "तुले कोनी विचारलं होतं?" ती म्हणाली.

"भाऊंनी विचारलं होतं. काल."

तिने मालकांच्या समोरचा पेला उचलला आणि उरलेली बीअर तोंडात घेतली. गिळली नाही, बराच वेळ तशीच धरली. मग मोरीत थुंकली. तिच्या तोंडावरचा राग गेला आणि कामाला लागलेल्या माणसाचा चेहरा आला.

"मागल्या हप्त्यात लाइट गेली होती, त्या दुपारी टाकी तापली," ती म्हणाली. मला नाही, मालकांना. "माल खट्टा झाला. हे विकाचं नाही."

मालक गोंधळले. "विकाचं नाही? आता तं तुमीच नापास करून राहिल्या."

"ग्लासातलं शेवटचं कोन पेईन मंग? गिऱ्हाईकच ना? दुसऱ्या खेपेले तो येईन काय?"

"टाकी रिकामी ठेवता येत नाही मले."

"रिकामी नाही ठेवत. एकडाव परत घालू द्या. खट्टी झाली तं मीच जव टाकतो."

साळ्याने मधे तोंड घातलं, "भाऊजी, देऊन टाका. भाकरीचा वास तं होता ना." काल बैलाला पाजायला निघालेला हा माणूस. मालकांनी आपल्या रिकाम्या पेल्यात पाहिलं, मास्तरांच्या पेल्यातलं उरलेलं चाखलं, तोंड वाकडं केलं. "एकडाव," ते म्हणाले. "आन् इन्व्हर्टर मी लावून देतो."

ती मागे गेली आणि तिने टाकीची खालची तोटी उघडली. फेसाळ, गढूळ, चांगल्या वासाची ती सगळी बीअर नालीत गेली. मी पाइप धरून उभी होते. मी तिची माफी मागितली नाही. मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

टाकी घासून झाल्यावर तिने ज्वारीचं पोतं ओढलं, पाण्याने ओली करून टोपल्यांत ओतली आणि ओलं बारदान माझ्या अंगावर फेकलं.

"झाकून धर," ती म्हणाली. "कोंब फुटेपर्यंत सुकू द्याचं नाही, कोंबाबिगर बीअर होत नाही. आज तुई एसटी गेली म्हून समज."

मी बारदानाची दोन टोकं धरली.