पाडायला काढलेला कवायत हॉल

नारायणगावच्या कवायत हॉलवर आमचा बॅडमिंटनचा ग्रुप जमला की खेळ कमी आणि किस्सेच जास्त होतात. हॉल पाडून शॉपिंग सेंटर करायचं ठरल्यापासून तर कुणी धड बसत नाही. एक जण खिडकीशी जातो, दुसरा दाराशी, आणि जाता-येता काहीतरी आठवतंच.

पूर्वी इथं फौजेत घेतलेल्या पोरांची कवायत चालायची. फौज गेली आणि हॉल लग्नाला मिळू लागला. आमच्यातले नाना फौजेतले रिटायर्ड हवालदार. एका लग्नात ते पुढच्या खुर्चीत पेंगत होते. भटजी म्हणाले, "शुभमंगल सावधान!" नाना ताडकन उठले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले. अक्षता पडल्या, हार घातले, तरी हलेनात. नवरी पोलीस भरतीतून आलेली. ती बोहल्यावरूनच म्हणाली, "नाना, विश्राम."

पुढं काही वर्षं इथं टोमॅटोचं गोडाऊन होतं. नानांकडं देखरेख. त्यांनी सगळे क्रेट तीन-तीनच्या रांगेत लावून घेतले. व्यापारी वैतागला, म्हणाला, "ओ नाना, माल हाय हा, पलटण न्हाई." नाना म्हणाले, "पलटण असती तर कवाच सरळ झाली असती."

मागच्या उसाच्या सीझनला सकाळीच हॉलमध्ये बिबट्या शिरला. आत नाना आणि राजुरीचे मधुभाऊ, दोघंच. मधुभाऊ धडपडत स्टेजवर चढले. नाना रॅकेट धरून जागच्या जागी उभे. बिबट्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि फुटक्या खिडकीतून निघून गेला. मधुभाऊंनी नंतर विचारलं, "भ्या न्हाई वाटलं, राव?"

"लई वाटलं. पण या गुडघ्यांनी पळता येतंय व्हय?"

आणि हे गेल्या आठवड्यातलं. आंबेगावच्या डोंगराकडची एक म्हातारी हॉल पाडायच्या आधी बघायला म्हणून जीपनं आली. तिचा नवरा इथंच कवायत शिकला, इथूनच लढाईवर गेला, तो परत आलाच नाही. ती दारात थांबली. आम्ही रॅकेट खाली ठेवल्या.

"मी हितं उभी व्हते," ती नानांना म्हणाली. "समोरून रांगेत ट्रककडं गेला. एकदा बी मागं वळून पायलं न्हाई."

नाना हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, रांगेत मागं बघता येत नाय. तसा हुकूमच नसतो."

ती नानांकडं वळली.

"मला इतकी वर्सं वाटलं, रागावून गेला. येवढंच व्हतं व्हय?"