फेब्रुवारीत पाणी मागंच जातं

हर्णैला जायचं ठरवलं मी, आणि जीप होती मिलिंदची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडू नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिलिंद आणि मी इंदापूरला वसतिगृहात एका खोलीत राहून शिकलो. पुढे मी वरकुट्यात शेती धरली, तो साखर कारखान्यात फिटर झाला. बारा वर्षांनी त्याने नोकरी सोडली, फंडाच्या पैशातून जुनी डिझेल जीप घेतली आणि भिगवण–बारामती वडाप, म्हणजे माणसं भरून भाड्याच्या फेऱ्या, सुरू करायचं ठरवलं. सोमवारी पहिली फेरी. त्याची बायको रंजना आधीच धास्तावलेली. अशात मी म्हणालो, "एकदा धंद्याला लागलास की तुला सवड न्हाय. चल, समुद्र बघून येऊ." माझा ऊस तुटून गेला होता, मला सवडच सवड होती.

बुधवारी पहाटे निघालो. बारामती, नीरा, शिरवळ, भोर आणि मग वरंध घाट. घाटात भजी खायला थांबायचंच. आम्ही दोन दोन प्लेट खाल्ल्या आणि वर चहा. आम्ही सपाटीवरची माणसं, त्यामुळे उतारावर मिलिंदने गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिली नाही. महाड, खेड, दापोली करत हर्णैला पोचेतो दिवस मावळत आला होता. बंदराजवळ एका घरात खोली मिळाली, ऐंशी रुपयांत दोघांची. जेवणात बांगड्याचं कालवण आणि भात. धरणातल्या मरळ-चिलापीवर वाढलेली आमची जीभ त्या रात्री कोकणाला फितूर झाली.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे आंजर्ल्याला जायचं होतं. गाडी पलीकडे नेता येत नव्हती, तरीने, म्हणजे माणसं नेणाऱ्या होडीनेच जायचं. तेव्हा जीप कुठे लावायची? किनाऱ्यावर घट्ट, रुंद वाळू पसरली होती, पाणी पार लांब. मी जीप तिथेच घ्यायला लावली.

मिलिंद खाली उतरून पायाने वाळू दाबत म्हणाला, "वली हाय रं."

"वली ऱ्हाणारच. कालपरवापतूर पाणी हितं आसंल. फेब्रुवारी हाय, आता पाणी मागंच जानार. धरणाकाठी जल्माला आलोय मी, पाण्याचं मला शिकवतोस व्हय?"

उजनी धरणाच्या काठावर राहणाऱ्या कुणालाही हे बोलणं पटलं असतं. आमचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळाभर उतरत जातं. उघड्या पडलेल्या गाळात आम्ही पिकं घेतो, गाड्या लावतो. पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं, हे मी शाळेच्या भूगोलात पाठ केलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. मिलिंदने चाक नीट बघितलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

आंजर्ल्यात नारळी-पोफळीतून भटकलो, टेकडीवरून समुद्र बघितला, एका घरी पोहे आणि कोकम सरबत घेतलं. परत येताना तरीतून मिलिंदलाच आधी दिसलं. त्याने नुसतं माझं मनगट धरलं. वाळू नव्हतीच. जीप पाण्यात उभी होती, चाकं दिसत नव्हती, आणि लाटा पायदानावर आपटत होत्या.

आम्ही धावलो. ढकलून काही होईना, चाकं रुतत चालली. त्याची बारा वर्षं माझ्या शहाणपणामुळे बुडत होती, आणि तो नुसता गाडीला खांदा देत होता. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

हर्णैला होड्यांवरची मासळी काठावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात घालतात. तो लिलावाचाच सुमार होता. एक म्हातारे गाडीवाले, गणूकाका, आमच्याकडे बघून थांबले.

"पाणी कधी भरतं ते कोणाला विचारलंत नाय?"

"न्हाय," मी म्हणालो.

"अजून तासभर चढेल. दोर आहे?"

दोर जीपमध्ये होता. काकांनी आणखी एका गाडीवाल्याला हाक मारली. दोन जोड्या जुंपल्या, पण अनोळखी ओझं म्हटल्यावर पुढचा बैल अडला. तेव्हा कंबरभर पाण्यात मी त्याच्या मानेशी गेलो. बैलाशी कसं बोलायचं एवढं मला येतं. खांदा जुवाला लावला, त्याच्या कानाशी बोलत राहिलो. मिलिंद मागून लोटत होता. दोनदा दोर सैल पडला. तिसऱ्यांदा जीप हलली, आणि मग बैलांनी ती वर काढली.

खाऱ्या पाण्याची भीती अजून होतीच. काकांच्या विहिरीचं गोडं पाणी मी उपसत होतो आणि मिलिंद ओतत होता, अंधार पडेपर्यंत. त्याने सेल्फ, डायनामो खोलून धुतले आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वाळत घातले, ऑइल बदललं. दुपारी बाराला चावी फिरवली. एकदा नुसती घरघर. पुन्हा फिरवली, आणि जीप सुरू झाली. मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो आणि रडलो. इतकं हलकं मला पुढे माझी मुलगी सुखरूप जन्मली तेव्हाच वाटलं. काकांनी पैसे घेतले नाहीत. "गूळ पाठवा तुमच्याकडचा," म्हणाले. दर वर्षी पाठवत होतो, ते होते तोवर.

परतीला मिलिंदच चालवत होता. वरंध घाटात भजीच्या गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "रंजनाला काय सांगू नगंस."

पण भिगवणला अंगणात जीप उभी राहिली, आणि रंजनाने खाली वाकून बघितलं. "भावजी, हे पांढरं कसलं वो?" कुठेतरी मीठ राहिलंच होतं. मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं, वाळू माझी, शहाणपण माझं. तिने बोटाने ते मीठ पुसलं. मग म्हणाली, "चालू हाय न्हवं? मग हातपाय धुवा, भाकरी टाकते." त्या भाकरीची चव आजही लक्षात आहे.

तुम्ही हर्णैला जाल तर सकाळी पहिल्यांदा भरतीची वेळ विचारा. मग समुद्रातला किल्ला बघा, मासळीचा लिलाव बघा, बांगडा खा.

सोमवारी सकाळी मी भिगवण स्टेशनाबाहेर गेलो, जरा लांबच उभा राहिलो. मिलिंद "बारामती, बारामती" ओरडत होता. मागे माणसं दाटीवाटीने बसली होती. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर एकजण चढू लागला, तर मिलिंदने त्याला हाताने अडवलं.

"ती जागा धरलेली हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बस की लवकर. फकस्त गाडी कुठं लावायची, ते मी ठरवनार."