सोनीचं दूध पोचवायला

गिरजा, माझी बायको, वारली त्याच्या आदल्या दिवशी म्हणाली, "सोनीला दूध राह्यलं." म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी मी जालन्याहून भोकरदनची एस.टी. धरली. मांडीवर पितळी बरणी, बरणीत शेजारच्या शेळीचं दूध. मी चौथी शिकलेला माणूस; पाहिलं तसं लिहितो.

सोनी आमची लेक. आम्ही मेंढरंवाले. पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं गायरानात दर हिवाळ्यात आमचा वाडा (मेंढरं बसवायची काटेरी कुंपणाची जागा) पडायचा. दीड वर्षाची सोनी तिथंच तापानं गेली. हिवराच्या झाडाखाली पुरली, वर ओढ्यातले तीन दगड ठेवले. पुढं दर साली गिरजा त्यांवर वाटीभर दूध ओतायची आणि दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

हसनाबाद मागं पडलं. ह्याच रस्त्यानं मेंढरांमागं चालताना मुक्कामावर मुक्काम पडायचे. गिरजा पुढं घोड्याचा दोर धरून. घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि सोनी. बाभळीखाली बसून भाकरी, कांदा, मेंढीच्या दुधाचा चहा. आता बसायला सीट आहे, बोलायला माणूस नाही.

भोकरदनच्या स्टँडवर भजी खाल्ली. तेल शिळं होतं, तसं तोंडावर सांगितलं. भजीवाला म्हणाला, "बाबा, तेल बी शिळं, तुम्ही बी शिळे. बराबर जमलं की!"

जीपनं फाट्यावर उतरलो. गायरान कुठंच नव्हतं. तारेचं कुंपण, फाटक, ओळीनं घरं. धरणात गाव गेलेली माणसं मागंच इथं आणून वसवली होती. कागदावर म्हणे जागा मोकळी होती. आमच्या चार पिढ्या जिथं चारत आल्या ती मोकळी कशी? आम्हाला कोणी विचारलं नाही. विहिरीला कुलूप बसलं, मेंढरं आत गेली की कोंडवाड्यात. शेवटी मेंढरं विकून मी जालन्यात हमाली धरली. गिरजा एकदा बरणी घेऊन आली, तिला फाटकावरून परत पाठवली. "अर्ज करू" म्हणत मी वर्षं घालवली. तो अर्ज आज खिशात होता. त्यात एवढंच: लेक आमची, दगड आमचे, दर साली वाट द्या.

फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "काम काय?"

"पोरीला भेटायचंय."

"घर नंबर?"

"घर न्हाई तिला."

"मंग कशाला डोकं खाऊन राह्यले, बाबा?"

घागर घेऊन चाललेली एक बाई थांबली. माझ्या सुनेच्या वयाची. "म्हातारं माणूस उन्हात उभंय अन् तू नंबर विचारून राह्यला! देवीच्या दर्शनाला आले असतील. येऊ दे."

कुठली देवी, मला ठाऊक नव्हतं. मुकाट तिच्यामागं गेलो. हिवर उभा होता. खाली तेच तीन दगड, शेंदूर फासलेले, पुढं हिरव्या बांगड्या. मी तिथंच मातीत बसलो.

ती म्हणाली, "आम्ही आलो तवा देव बी पाण्यात गेल्ता आमचा. हिच्यापुढं दिवा लावला, तवा कुठं झोप लागली."

बरणी उघडली तर दूध नासलेलं. बाई धावत जाऊन तांब्याभर म्हशीचं दूध घेऊन आली. "देवीला नासकं घालू नका. हे घ्या."

"देवी न्हाई ती," मी म्हणालो. "लेक हाय माझी. मी पुरलीय."

तिचा हात तसाच राहिला. घरांकडं बघून हळू बोलली, "नाव काय?"

"सोनी."

"बाबा, कोनाला सांगू नका. पोरं खेळतात इथं. लोक मसणवटा म्हणतील, दगड उचलून ओढ्यात टाकतील. मी बिलकुल बोलणार न्हाई."

नासकं बाजूला ओतून मी तांब्या घेतला. दूध शेंदरावरून तांबडं होऊन मातीत गेलं.

फाटकावर वॉचमननं वही उघडली. "काम लिहायचं राह्यलं. काय लिहू?"

जन्मभर मी माणसाच्या तोंडावर खरं बोलत आलो. खिशात अर्ज होता.

"देवदर्शन," म्हणालो, आणि सही केली.

परतीला एस.टी.त रिकामी बरणी मांडीवर होती. त्या बाईचा राग येत नाही. तिचं गाव बुडवताना तिलाही कोणी विचारलं नसेल. जागा मोकळी आहे असं ज्यानं लिहिलं, त्याचा येतो. अर्ज आता पेटीत, गिरजाच्या लुगड्याखाली आहे. दिला तर दगड जातील. नाही दिला तर तिथं आमचं कोणी होतं हेच जाईल.

घरी सुनेला विचारलं, दूध नासलं कसं? ती म्हणाली, "मामा, तापवून न्यायचं असतं." वीस वर्षं गिरजा चुलीपुढं बसून ते तापवायची, आणि मी बाहेर मेंढरं मोजत असायचो. पुढच्या साली तापवून नेईन. सोनीला घरचं दूध पाहिजे.